तेलविहिरीच्या तोंडावर काय बसवतात आणि कसं?

(चारठाणा, ता. जिंतूर, जि. परभणी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आज सकाळी आम्ही गोकुळेश्वराच्या देवळाजवळची बारव बघून आलो. खाली उतरून पायरीवर थोडा वेळ बसलोही. त्यामुळे भाषणाची सुरुवात तिथूनच करू. तेलाच्या विहिरीवर बोलायला आलेला माणूस बारवेवर का घसरला, असं म्हणू नका. विहीर ही विहीरच असते, आणि तिच्यातलं दुखणंही सगळीकडे सारखंच असतं.

बारवेतलं पाणी वर का येत नाही? सरळ आहे, त्याला खालून ढकलणारं फारसं काही नाही. भोवतालच्या खडकातलं पाणी ज्या पातळीला आहे, त्याच पातळीला बारवेतलं पाणी येऊन थांबतं. म्हणून बारवेला झाकण लागत नाही. कठडा लागतो, तोही माणसं आत पडू नयेत म्हणून. पाणी बाहेर पडू नये म्हणून नव्हे.

तेलाच्या विहिरीचं नेमकं उलटं आहे. तिथं खालच्या खडकात तेल आणि गॅस दाबाखाली कोंडलेले असतात. हिशोब सोपा आहे. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीला एका चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा दाब होतो. म्हणजे तीन हजार मीटर खोलीवर पाण्याच्या स्तंभाचाच दाब झाला तीनशे किलो. आपल्या घरचा कुकर शिट्टी देतो तो एका किलोच्या आसपास. आता तीनशे कुकरांचा दाब एका बोटभर जागेत कोंडलाय आणि आपण त्या जागेपर्यंत भोक पाडलंय, असं समजा. शिवाय गॅस वर येताना फुगतो. तळाशी बादलीभर असलेला गॅस जमिनीवर पोचेपर्यंत तीनशेपटीच्या घरात जातो. खाली गरीब वाटणारी गोष्ट वर येता येता राक्षस होते ती अशी.

अमेरिकेत टेक्सासमध्ये स्पिंडलटॉप नावाची जागा आहे. तिथं १० जानेवारी १९०१ला विहीर उडाली. दिवसाला लाखभर पिंपं तेल आभाळात जात होतं आणि ती आवरायला नऊ दिवस लागले. त्या वेळी लोकांनी तो सोहळा मानला, फोटो काढले. तेल सापडलं याची खूणच ती! ते थांबवायचं यंत्र पुढे वीसेक वर्षांनी आलं. जेम्स ॲबरक्रॉम्बी आणि हॅरी कॅमेरॉन या दोघांनी १९२२मध्ये ह्यूस्टनच्या कारखान्यात ते तयार केलं. नाव ब्लोआउट प्रिव्हेंटर, आणि कामावरचे सगळे त्याला बीओपी म्हणतात. आपणही आज बीओपीच म्हणू.

पण बीओपी बसवायचा कशावर? सगळी मेख तिथं आहे. बाटलीला बूच उत्तम आहे, पण बाटलीचा गळाच तडकलेला असेल तर बूच काय करील?

आता तुमच्या शेतातला बोअर आठवा. गाडी येते, बोअर मारते. वरची माती आणि मुरूम ढासळू नये म्हणून कठीण खडक लागेपर्यंत केसिंग पाईप टाकतात. खडक लागला की पुढं उघडाच बोअर. तेलाच्या विहिरीत हेच करतात, फक्त चार-चार वेळा, एकात एक. आधी मोठ्या व्यासाचं भोक पाडून वीस इंची पाईप. त्यातून पुढं खणायचं आणि तेरा इंचांहून थोडा मोठा पाईप सोडायचा. मग त्याच्या आत साडेनऊ इंचांचा, आणि शेवटी सात इंची. दुर्बिणीच्या नळ्या एकात एक असतात तसं. प्रत्येक विहिरीत मापं हीच असतात असं नाही, पण रीत हीच.

आणि एक मोठा फरक. आपल्या बोअरमध्ये केसिंग नुसतं सोडलेलं असतं. तिथं केसिंग आणि खडक यांच्यामधली फट सिमेंटनं भरतात. ती भरायची पद्धत मजेशीर आहे. सिमेंट वरून फटीत ओतत नाहीत. पाईपच्या आतून खाली ढकलतात, ते तळाला जाऊन वळतं आणि बाहेरच्या बाजूनं वर चढतं. मग ते घट्ट होईपर्यंत थांबायचं. हे थांबणं रिगवरच्या माणसांना फार जड जातं, कारण रिगचं भाडं रोजावर चालू असतं. पण सिमेंट कच्चं राहिलं, तर वर कितीही भारी यंत्र बसवा, गॅस पाईपच्या बाहेरून वाट काढतो. मग तोंड बंद आणि विहीर मात्र कडेनं फुटते. त्याला इलाज फार अवघड.

तर वीस किंवा तेरा इंची पाईपचं वरचं टोक जमिनीबाहेर येतं. त्यावर एक जाड पोलादी कडं बसवतात, आटे पाडून किंवा वेल्डिंग करून. ते केसिंग हेड. पुढचा प्रत्येक पाईप आतून याच्यावर टांगलेला असतो. हो, टांगलेलाच! कित्येक टनांचा पाईप या कड्यात पाचरींनी धरून लोंबत असतो. पुढच्या पाईपसाठी त्याच्यावर आणखी एक कडं, त्याच्यावर आणखी एक. या सगळ्या उतरंडीला मिळून म्हणायचं वेलहेड. गाडग्यांची उतरंड असते ना, तशीच. फक्त प्रत्येक गाडगं खालच्याला बोल्टनं आवळलेलं.

आता हे आवळणं कसं, ते नीट बघू. आमच्या मते सगळ्या विषयाचा जीव इथं आहे, आणि याच्यावर कुणी बोलत नाही. सिनेमात उडणारी विहीर दाखवतात, बोल्ट आवळणारा माणूस दाखवत नाहीत.

सकाळी देवळाच्या भिंती बघताना एक लक्षात आलं. या हेमाडपंती म्हणतात त्या बांधकामात दगडावर दगड बसलाय आणि मध्ये चुना नाही. दगडाला खाच, दुसऱ्याला तशीच बोंडी, आणि वरचं वजन. सांधा इतका नेमका की सुरी जात नाही. वेलहेडचा सांधाही असाच, धातूवर धातू. पण दगडाच्या सांध्यातून पाणी झिरपलं तर बारवेचं भलंच होतं. आपल्या सांध्यातून झिरपलेला गॅस मात्र माणसं मारतो.

दोन कड्यांना टोकाला रुंद कानं असतात, त्यांना फ्लँज म्हणतात. दोन्ही फ्लँजच्या तोंडावर गोल खोबण कोरलेली असते, बाजू तिरप्या. त्या खोबणीत धातूची एक बांगडी बसते, रिंग गॅसकेट. नळाच्या जोडाला आपण रबराचा वायसर लावतो, इथं मऊ लोखंडाची किंवा स्टेनलेस स्टीलची बांगडी. मऊ म्हणजे फ्लँजच्या पोलादापेक्षा मऊ. ते मुद्दाम असतं. बोल्ट आवळले की चेपायचं ते बांगडीनं. खोबण चेपता कामा नये, कारण बांगडी बदलता येते, खोबण बदलायची म्हणजे सगळं हेडच बदलायचं. एकदा चेपलेली बांगडी पुन्हा वापरायची नाही, हा नियम आहे. बांगडी स्वस्त असते, तरी हा नियम मोडला जातो. याची एक गोष्ट पुढं सांगतो.

दाबाचा आकडा ऐकून ठेवा. रिगवर दाब पीएसआय या मापात बोलतात. तुमच्या ट्रॅक्टरच्या टायरमध्ये हवा भरताना तेच माप असतं. ट्रकच्या टायरमध्ये शंभर-सव्वाशे पीएसआय असेल. वेलहेडचे जोड दोन हजार, तीन हजार, पाच हजार, दहा हजार, पंधरा हजार, वीस हजार पीएसआय अशा दर्जांत मिळतात. साडेतेरा इंचांहून थोडं मोठं भोक असलेला बीओपी घेऊ, तो बराच वापरात आहे. त्याच्या भोकाचं क्षेत्रफळ होतं साधारण १४६ चौरस इंच. आत पाच हजार पीएसआय दाब आला, तर वर ढकलणारं बळ झालं सुमारे तीनशे तीस टन. म्हणजे दहा टन माल भरलेले तेहतीस ट्रक त्या सांध्याला उचकटायला बघतायत. आणि त्यांना धरून ठेवणार कोण? सोळा बोल्ट. एकेका बोल्टच्या वाट्याला वीस टनांहून जास्त.

म्हणून बोल्ट कसे आवळायचे याचं शास्त्र आहे. जीपची स्टेपनी बदलताना आपण नट समोरासमोर आवळतो, एका कडेनं ओळीनं नाही. इथं तेच, पण टप्प्याटप्प्यानं. आधी सगळे थोडे, मग आणखी, मग पूर्ण. ओळीनं आवळले तर एक कड आधी बसते, बांगडी तिरपी चेपते आणि समोरची बाजू कायमची कच्ची राहते. वरून ती दिसत नाही. शेवटी गोल फिरून प्रत्येक नट पुन्हा एकदा तपासायचा. पूर्वी हे मोठ्या पान्यावर घण मारून करत, आता हायड्रॉलिक पाना असतो, तो नेमका जोर लावतो. आट्यांना वंगण कोणतं लावलंय यावरही फरक पडतो. कोरड्या आट्यात बराचसा जोर घासण्यातच जातो. पाना म्हणतो पूर्ण आवळलं, आणि बोल्ट म्हणतो मला काही कळलंच नाही.

आता ती गोष्ट. जमिनीवरच्या एका रिगवर आम्ही होतो, कंपनीचं नाव राहू द्या. रात्रपाळी होती. बीओपी बसवला आणि चाचणी लावली. चाचणी दोनदा घेतात. आधी कमी दाबाची, दोन-अडीचशे पीएसआयची, मग जास्त दाबाची. कमी दाबाला काटा हळूहळू खाली यायला लागला. सगळे म्हणाले, जास्त दाब लावून बघू, बसेल. आणि गंमत अशी की ते खोटं नव्हतं! बऱ्याच सांध्यांत आतला दाबच बांगडीला किंवा रबराला खोबणीत घट्ट दाबतो. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर असतो ना, वाफ जितकी जास्त तितकं झाकण घट्ट. म्हणून जास्त दाबाला सांधा धरतो आणि कमी दाबाला गळतो. कमी दाबाची चाचणी आधी घेतात ती यासाठीच. आमच्यातला एक जुना फिटर बसला होता, तो म्हणाला, खोला. कुणाला आवडलं नाही, सगळी रात्र जाणार होती. खोललं. बांगडी जुनी निघाली, आधीच्या जोडातली, अंगावर खिळ्यानं ओढल्यासारखी एक रेघ. ती कुणी बसवली? आम्हीच, आमच्याच पाळीनं. नवीन पेटी खाली ट्रकमध्ये होती आणि पाऊस होता, एवढंच कारण. पुढच्या आठवड्यात त्या विहिरीला गॅसची एक उसळी आली. छोटीच होती, बीओपीनं धरली. ती बांगडी तशीच असती तर काय झालं असतं, ते सांगता येणार नाही.

आता बीओपीच्या आत काय असतं ते बघू, थोडक्यात.

खणताना विहिरीत चिखलासारखं जड द्रव्य भरलेलं असतं. त्याला मड म्हणतात. त्याच्या वजनानं खालचा दाब तोलायचा, ही पहिली राखण. बीओपी ही दुसरी. मड हलकं पडलं की खालून गॅस विहिरीत शिरतो, त्याला किक म्हणतात. त्याची खूण अशी की आपण पंपानं आत जितकं ढकलतोय त्याहून जास्त मड वर येतंय, टाक्यांची पातळी चढतेय. ते दिसलं की बीओपी बंद करायचा.

बीओपी म्हणजे एकावर एक रचलेल्या झडपा. सगळ्यात वर एक जाड रबरी कडं, त्यात पोलादाचे तुकडे बसवलेले. खालून पिस्टननं दाबलं की ते मुठीसारखं आवळतं. आत पाईप असो, चौकोनी दांडा असो, ते त्याला लपेटून बसतं. त्याखाली रॅम असतात. दोन बाजूंनी समोरासमोर येणारे पोलादी ठोकळे, देवळाच्या दाराची दोन पाखं मिटावीत तसे. काही रॅमना पाईपच्या मापाची अर्धगोल खाच असते, ते पाईपभोवती मिटतात. काही सपाट असतात, विहिरीत पाईप नसताना मिटायला. आणि काहींना पाती असतात. ते पाईप कापून भोक बंद करतात. तो शेवटचा उपाय.

रॅमच्या मधल्या भागातून दोन नळ्या बाजूला निघतात. एकीतून जड मड आत ढकलायचं, दुसरीतून आतला गॅस थोडा थोडा सोडत बाहेर न्यायचा. विहीर नुसती बंद करून भागत नाही. बंद केल्यावर तिला शांत करावं लागतं, ते या दोन नळ्यांतून.

आणि हे सगळं हलवायला तेलाचा दाब लागतो. त्यासाठी विहिरीपासून दूर बाटल्यांची एक रांग असते. बाटलीत नायट्रोजन भरलेला असतो, त्यावर तीन हजार पीएसआयपर्यंत तेल दाबून ठेवलेलं असतं. वीज गेली, इंजिन बंद पडलं, तरी या कोंडलेल्या दाबावर झडपा मिटतात. रॅम अर्ध्या मिनिटात मिटायला पाहिजेत अशी अपेक्षा असते. बटणं दोन ठिकाणी असतात, एक ड्रिलरपाशी आणि दुसरं दूर. कारण जवळच्या बटणापाशी माणूस पोचू शकेल अशी परिस्थिती राहीलच असं नाही.

हे यंत्रही हरतं. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन रिगवर स्फोट झाला, अकरा माणसं गेली. तिथं बीओपी समुद्राच्या तळाशी होता, सुमारे पंधराशे मीटर पाण्याखाली. पाईप आत वाकून कडेला सरकला होता, आणि पात्यांचे रॅम त्याला पूर्ण कापून भोक बंद करू शकले नाहीत. तेल वाहत राहिलं. जुलैमध्ये त्याच तोंडावर वरून दुसरी झडपांची टोपी नेऊन बसवली आणि १५ जुलैला बंद केली, तेव्हा सत्याऐंशी दिवसांनी प्रवाह थांबला. म्हणजे शेवटी तोंडाला नीट जोडता येईल असा एक फ्लँज शिल्लक होता, त्यावर सगळं निभावलं.

आता मंडळी, सगळ्यात धोक्याची वेळ कोणती? खणतानाची? नाही. बीओपी काढतानाची.

कारण बीओपी हा खणण्यापुरता असतो. विहीर तयार झाली की तो उतरवतात आणि त्या जागी कायमच्या झडपांचा खांब बसवतात. त्याला फांद्या असतात म्हणून नाव पडलं ख्रिसमस ट्री. आपल्याकडे पडलं असतं तर दीपमाळ म्हटलं असतं. तुमच्या गावाला ते सांगायला नको. एक उतरवल्यावर आणि दुसरं चढेपर्यंत विहिरीचं तोंड उघडं. तेवढ्या वेळात तिला आतून बंद ठेवणारं काहीतरी पाहिजे, आणि ते एक नको, दोन पाहिजेत. सिमेंटचा बूच, यांत्रिक बूच, तोलाचं मड. आणि ते आहेत असं समजून चालत नाही, दाब लावून तपासलेले पाहिजेत.

आसाममध्ये तिनसुकिया जिल्ह्यात बागजान नावाचं गाव आहे. दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाला लागून. तिथली पाच नंबरची विहीर आधीपासून गॅस देत होती. मे २०२०मध्ये तिची दुरुस्ती चालली होती. खालचा थर बंद करून वरच्या थरातून गॅस घ्यायचा होता. आत सिमेंटचा बूच घातला. २७ मे रोजी बीओपी उतरवायला घेतला, आणि विहीर उडाली. नंतरच्या चौकशीत मुख्य बोट याच्यावर ठेवलं गेलं: सिमेंटचा बूच पक्का झालाय याची खात्री न करता बीओपी काढला. ९ जूनला आग लागली. कंपनीच्या अग्निशमन दलातले दोन जवान त्यात गेले. हजारो माणसं घरं सोडून छावण्यांत राहिली. मागुरी-मोटापुंग बीलातले मासे, पक्षी, सगळ्याची राखरांगोळी. तो लॉकडाऊनचा उन्हाळा होता, आपण इथं घरात बसलो होतो, म्हणून कदाचित फार कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आणि मग काय करावं लागलं? जळत्या तोंडावर पाण्याच्या छत्राखाली पुन्हा बीओपी नेऊन बसवायचा. तोच फ्लँज, तेच बोल्ट, पण आता समोर ज्वाळा. पहिले प्रयत्न फसले. १७ ऑगस्टला तो बसला. तरी विहीर शांत व्हायला १५ नोव्हेंबर उजाडला, साडेपाच महिन्यांवर. ज्या कामाला मे महिन्यात आणखी थोडा वेळ थांबून एक चाचणी पुरली असती, ते. आम्ही हा हिशोब कितीदा तरी केलाय आणि दरवेळी चिडतो.

आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ पासर्लापुडीला १९९५च्या जानेवारीत अशीच विहीर पेटली होती. ती पासष्ट दिवस जळत होती. जुन्या लोकांना पेपरातले फोटो आठवत असतील.

आता ख्रिसमस ट्रीकडे येऊ. हा खांब विहीर चालू असेपर्यंत, वीस-तीस वर्षं, तोंडावर राहतो. यात खालपासून वर दोन मुख्य झडपा, बाजूला फांदीवर एक, आणि सगळ्यात वर एक. दोन मुख्य कशासाठी? खालची शक्यतो वापरायची नाही, राखून ठेवायची. वरची रोज वापरायची. घरात चांगली भांडी फडताळात आणि रोजची मांडणीवर असतात, तसं. वरची झडप आपोआप मिटणारी असते. तिला उघडं ठेवायला दाब लागतो. दाब गेला की स्प्रिंग तिला मिटवते. हे उलटं वाटतं, पण विचार करा. मिटायला दाब लागत असता, तर आगीत नळी जळाल्यावर झडप उघडीच राहिली असती. आता नळी जळाली की झडप मिटते. बिघाड झाला तर बंद, हाच नियम.

त्या दाबाच्या नळीवर जागोजागी एक छोटं बूच असतं, लवकर वितळणाऱ्या धातूचं. आग जवळ आली की ते वितळतं, दाब निसटतो, झडपा मिटतात. कुणी बटण दाबायची वाट बघत नाही. तुमच्या कुकरच्या झाकणावर शिट्टीच्या बाजूला सेफ्टी वॉल्व असतो ना? त्यातही असाच वितळणारा धातू असतो. कल्पना तीच. तो वॉल्व उडाला की काही लोक त्यात कणीक भरून कुकर चालवतात. (हशा.) हसू नका, रिगवरही कणीक भरणारे असतात, फक्त कणकेचं नाव दुसरं.

याखेरीज एक झडप जमिनीच्या खाली, तेल वर आणणाऱ्या नळीतच बसवतात. समुद्रात असेल तर समुद्रतळाच्याही खाली. तिच्यापर्यंत करंगळीपेक्षा बारीक नळी जाते आणि वरून दाब देऊन तिला उघडं ठेवते. समजा जहाज धडकलं, वरचं वेलहेडच मोडून पडलं. बारीक नळी तुटणारच. तुटली की खालची झडप मिटते.

हे आपल्याकडं कुठं? मुंबई हाय. मुंबईपासून पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटर समुद्रात. सागर सम्राट या रिगनं फेब्रुवारी १९७४मध्ये तिथं तेल शोधलं, आणि १९७६च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं. तिथं पाणी पाऊणशे मीटरच्या आसपास आहे, म्हणून पाय समुद्रतळावर टेकवून उभी राहणारी रिग चालते, आणि बीओपी पाण्याच्या वर डेकखाली बसतो. माणूस पाना घेऊन त्याच्यापाशी जाऊ शकतो. हे आपलं नशीब म्हणायचं. तरीही १९८२च्या जुलैत सागर विकास रिगवर विहीर उडून आग लागली होती. ती विझवायला टेक्सासचा रेड अडेअर आला होता, जगभरच्या विहिरी विझवणारा माणूस.

आणि २७ जुलै २००५. आदल्याच दिवशी मुंबई पाण्यात बुडाली होती, ते सगळ्यांना आठवतं. त्या गडबडीत समुद्रात काय झालं ते कमी लोकांना आठवतं. समुद्र सुरक्षा नावाच्या जहाजावरच्या एका आचाऱ्याच्या हाताला जखम झाली होती. उपचारासाठी त्याला मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर घ्यायचं होतं. समुद्र खवळलेला. जहाज प्लॅटफॉर्मला धडकलं, आणि धडकलं ते बाहेरून वर चढणाऱ्या गॅसच्या पाईपला. त्याला रायझर म्हणतात. गॅस सुटला, पेटला, आणि दोनेक तासांत अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. बावीस माणसं गेली. साडेतीनशेहून जास्त वाचली, तीही त्या हवामानात.

हे इथं का सांगितलं? कारण दोष वेलहेडचा नव्हता. वेलहेडवर लावलेली झडप विहिरीतला गॅस अडवते, रायझरमधला नाही. तोंड पक्कं केलं, पण कुंपणाबाहेरून नळी नेली, तर त्या नळीचं वेगळं बघावं लागतं.

बोल्टचंही तसंच. १९८८च्या ६ जुलैला स्कॉटलंडजवळ पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं गेली. सुरुवात काय होती? एका पंपाची सेफ्टी झडप दुरुस्तीला काढली होती, त्या जागी तात्पुरती ताटली बसवली होती, ती नीट आवळलेली नव्हती. रात्रपाळीला ते कळलंच नाही आणि पंप सुरू झाला.

एवढं पुरे. आता प्रश्न घेऊ.

(प्रश्न: आपल्याकडं तेल निघेल का?) दादा, हा प्रश्न येणार हे माहीत होतं! आपल्या पायाखाली आहे तो काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तेल तयार होतं ते गाळाच्या खडकात, जिथं जुन्या समुद्रातले जीव गाडले गेले. लाव्हात नाही. पाणी मिळालं तरी पुष्कळ म्हणा. आणि तुमच्या कोरड्या गेलेल्या बोअरवर मात्र झाकण वेल्ड करून घ्या, लेकरं पडतात त्यात.

(प्रश्न: आयटीआय फिटर झालेल्या पोराला रिगवर काम मिळतं का?) मिळतं. सुरुवात हमालीच्या कामापासून होते, पाईप उचलणं, पेटी धुणं. समुद्रावर जायचं असेल तर पाण्यातून जीव वाचवण्याचं प्रशिक्षण सक्तीचं. पुढं ड्रिलर व्हायचं तर विहीर नियंत्रणाचा दाखला लागतो. त्याची मुदत दोन वर्षं, मग पुन्हा परीक्षा. ओएनजीसीची एक संस्था डेहराडूनला आहे, तिथं हे शिकवतात.

(प्रश्न: बीओपी काढून ट्री बसवायला किती वेळ लागतो?) विहिरीवर अवलंबून आहे. काही तास, कधी दिवसभर. नटच किती असतात बघा, एका सांध्याला सोळा बोल्ट, दोन्ही टोकांना नट, आणि असे सांधे बरेच. नवी बांगडी आधीच खोक्यातून काढून, पुसून, बाजूला फडक्यावर ठेवलेली असली पाहिजे. खोबण पुसायची, हात फिरवून बघायची, मग बांगडी. आणि आत घातलेल्या बूचावरचा दाब दाखवणारा काटा कुणीतरी सलग बघत बसलेला असतो. त्या माणसाला त्या वेळात दुसरं काहीही काम सांगायचं नाही, चहा आणायलाही नाही. चहा त्याच्यापाशी नेऊन द्यायचा.